घटना समितीचे अध्यक्ष, उस्मानपुरा

सर हजेरी घेताना आमची नावं घेत नसत, गावं घेत. ते "चितेगाव?" म्हणाले की मी उभी राहायची आणि "उपस्थित, अध्यक्ष महोदय" म्हणायची. नुसतं "यस सर" म्हटलं तर गैरहजेरी लागायची. शेंद्र्याहून येणारा एक उंच मुलगा होता. हे "महोदय" त्याच्या जिभेवर चढायला पंधरा दिवस लागले. तोवर तो रोज पहिल्या बाकावर बसून गैरहजर होता.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला राज्यशास्त्र घेतलेले आम्ही एकोणीस जण होतो. सरांनी आम्हाला घटनानिर्मिती शिकवायची, असं अभ्यासक्रमात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते पहिल्या दिवशी वर्गात आले, पिशवीतून टकटक दाबायची पितळी घंटी काढून टेबलावर ठेवली, आणि सांगितलं की काल संध्याकाळी एक नवं राष्ट्र स्वतंत्र झालं आहे. त्याला समुद्र नाही, पाऊस बेताचा आहे, लोक तापट आहेत, आणि त्याची घटना लिहायला तुम्हा एकोणीस जणांना निवडून दिलेलं आहे. नाताळच्या सुट्टीआधी घटना मंजूर झाली नाही तर राष्ट्र बुडेल, आणि त्याच्याबरोबर अंतर्गत परीक्षेचे वीस मार्कही.

आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्यांना हसताना मी पुढंही फारसं पाहिलं नाही. सडपातळ माणूस, बिनबाह्यांचा मरून स्वेटर होळी होऊन गेली तरी अंगात, आणि स्कूटी पार्किंगला लावली तरी हेल्मेट वर्गापर्यंत डोक्यावर. हेल्मेट काढून ते टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर, आमच्याकडं तोंड करून ठेवायचे. तो विरोधी पक्ष. एखाद्या कलमाला वर्गात कुणीच विरोध केला नाही तर सर हेल्मेटकडं वळून विचारायचे, "आपलं काय म्हणणं आहे?" थोडा वेळ ऐकून घ्यायचे आणि मग आम्हाला सांगायचे की विरोधी पक्षाला हे मान्य नाही. एकमतानं झालेल्या गोष्टीवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. एकमत म्हणजे निम्मे लोक झोपलेत, असं ते म्हणत.

हे वर्गापुरतंच असतं तर चाललं असतं. कँटीनमध्ये चहा घ्यायचा की कॉफी यावरही सर ठराव मांडायचे. कँटीनवाल्या मामांना त्याचं काही वाटत नसे. ते चहा आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "पास झाला."

आमच्या घरी संविधानाची जाड प्रत शोकेसमध्ये असायची. वडील चितेगावच्या एका कारखान्यात होते. सव्वीस जानेवारीला वस्तीतल्या विहारात तेच मोठ्यानं उद्देशिका वाचायचे आणि वाचताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यामुळं घटना ही चीज आभाळातून छापील, बाइंडिंग करूनच खाली आली असावी, असं मला लहानपणापासून वाटायचं. सरांनी ते मोडलं. प्रत्येक ओळीमागं कुणीतरी चिडून उठून गेलेलं असतं आणि कुणीतरी त्याला बाहीला धरून परत आणलेलं असतं, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मला थोडा राग आला होता. मग वाटलं, बरंच झालं. आभाळातून पडलेली गोष्ट आपल्याला काय कळणार? भांडण कळतं. आम्ही नवी घटना लिहितोय असं वडलांना सांगितलं तर ते म्हणाले, "आहे ती वाच आधी."

पहिलं भांडण राष्ट्रीय खाद्यावरून झालं. सरांनी हा विषय मांडलाच नव्हता. त्यांना मूलभूत हक्क घ्यायचे होते. पण शहागंजहून येणारी एक मुलगी होती, बोलायला लई फटकळ, तिनं नान आणि मटणाच्या खलियाचा ठराव मांडला आणि शेंद्र्याचा मुलगा उठून म्हणाला की तसं असेल तर आम्ही राष्ट्रातून बाहेर पडतो, आम्हाला ज्वारीची भाकर पाहिजे. आठ दिवस तेच चाललं. नवव्या दिवशी जे कलम झालं ते मला अजून तोंडपाठ आहे: "राष्ट्रीय खाद्य म्हणजे त्या दिवशी घरात जे असेल ते." सर खूश झाले. कलमावर कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत, म्हणजे ते टिकेल, असं म्हणाले.

मग भाषा. शहागंजची मुलगी म्हणाली, "सर, मेरे कू मराठी आती, पण गुस्सा मराठीत येत नाही." शेंद्र्याच्या मुलाचं उलटं होतं, त्याला हिंदीत भाव करता यायचा पण भांडता यायचं नाही. शेवटी "समोरच्याला समजेल ती" ही राष्ट्रभाषा ठरली. राष्ट्राच्या नावाचा विषय निघाला तेव्हा मात्र वर्ग एकदम गार पडला. नाव बदलण्यावरून काय काय होतं ते आमच्या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. सरांनी फळ्यावर एक लांब रेघ ओढली आणि म्हणाले, इथं पुढची संसद काय ते लिहील. जे आज ठरवलं तर घर फुटेल ते उद्यावर टाकायचं, पण त्याची जागा मोकळी ठेवायची, म्हणजे कुणाला विसरता येत नाही. हे तंत्र त्यांनी आम्हाला नीट शिकवलं. दुसरं तंत्र मोघम लिहिण्याचं. शेंद्र्याच्या मुलानं आरमार मागितलं, तेव्हा समुद्र नाही असं त्याला सांगून काही उपयोग झाला नाही. सरांनी लिहिलं, "राष्ट्राचे आरमार राहील. ते समुद्र उपलब्ध झाल्यास कार्यान्वित होईल." तो समाधानानं खाली बसला.

पण जमिनीच्या कलमाला यातलं कुठलंच तंत्र पुरलं नाही. शेंद्र्याच्या मुलाच्या घरची निम्मी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली होती. त्याच्या आजोबांच्या हातची विहीर आता एका कंपनीच्या भिंतीच्या आत होती आणि ती बघायची तर गेटवर नाव लिहून पास घ्यावा लागायचा. तो नेहमीसारखा थट्टेत बोलला नाही. म्हणाला, कुणाचीही जमीन कुणालाही घेता येणार नाही, एवढं एकच वाक्य लिहा, बाकी घटना तुमची तुम्ही करा. मी उठले. ज्यांच्याकडं जमीन कधी नव्हतीच त्यांच्यासाठी या वाक्यात काय आहे, असं विचारलं. आमच्याकडं गेलेली नव्हती, राहिलेली नव्हती, होतीच कुठं? तो म्हणाला, त्यात आमची काय चूक. मी म्हणाले, मी चूक विचारली नाही, वाक्य विचारलं.

आम्ही तीन दिवस एकमेकांशी बोललो नाही. चौथ्या दिवशी सरांनी आम्हा दोघांना वर्गाबाहेर काढलं आणि एक वाक्य घेतल्याशिवाय आत येऊ नका म्हणून बजावलं. आम्ही व्हरांड्यात दीड तास बसलो.  आधी तो विहिरीबद्दल बोलत राहिला आणि मी ऐकलं. मग मी आजीबद्दल बोलले, जी जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत राहिली आणि तरी त्या रानाला "आपलं रान" म्हणायची. आम्ही वाक्य आणलं ते असं: "जमीन घ्यायची असल्यास सरकारने आधी घरी येऊन, चहा पिऊन, विचारावे, आणि ज्याला जमीन नाही त्याच्याही घरी जाऊन चहा प्यावा व त्याला काय हवे ते विचारावे."

सरांनी ते दोनदा वाचलं. "चहा" खोडलं. मग चष्मा पुसला आणि "चहा" परत लिहिलं. हेल्मेटला त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

आता फक्त शेवटचं वाचन आणि मतदान राहिलं होतं. त्यासाठी ठरवलेल्या रविवारी कॉलेजात कसल्याशा परीक्षेचं सेंटर आलं, म्हणून सरांनी आम्हाला उस्मानपुऱ्यात घरी बोलावलं. समितीच्या इतिहासात घरी बसलेलं हे पहिलंच अधिवेशन, असं त्यांनी ग्रुपवर टाकलं.

घर दुमजली. खाली सर आणि काकू, वर काका, म्हणजे सरांचे धाकटे भाऊ, आणि त्यांची बायको. भाऊ चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. एकोणीस जण हॉलमध्ये मावेनात, म्हणून काकूंनी आम्हाला अंगणात आणि जिन्याच्या पायऱ्यांवर बसवलं. तिथं जिन्याच्या तोंडाशी खिळ्याला एक पाटी टांगलेली होती. तिच्यावर खडूनं लिहिलं होतं, "मोटर वेळेवर बंद करावी." त्याखाली वेगळ्या अक्षरात, "कोणी?" त्याखाली पुन्हा पहिल्या अक्षरात, "ज्याला लागू आहे त्याने."

काकूंनी पोहे देता देता सगळं सांगून टाकलं. नऊ वर्षं दोघं भाऊ एकमेकांशी बोललेले नव्हते. घराला नळ एक, मोटर एक, टाक्या दोन. पाणी आठवड्यातनं एकदा, तेही जेमतेम पाऊण तास. मोटर एका वेळी एकच टाकी भरायची आणि एक टाकी भरेपर्यंत बहुतेक पाणी जायची वेळ व्हायची. नऊ वर्षांपूर्वी वरच्या पुतण्याच्या साखरपुड्याच्या दिवशी सरांनी खालची टाकी आधी भरली आणि पाणी गेलं. पाहुण्यांनी जारच्या पाण्यानं हात धुतले. भाऊ म्हणाले, तू वर्गात शिकवतोस ते एक आणि घरी करतोस ते एक. सर म्हणाले, हा मुद्दा लेखी द्या. तेव्हापासून पाटी. दोघी जावा मात्र रोज दुपारी एकाच सुपात भाजी निवडायच्या.

मला खरं सांगायचं तर धक्का बसला. आम्हाला आरमारापासून जमिनीपर्यंत सगळ्यावर तडजोड करायला लावणारा माणूस घरी पाटीवर बोलत होता.

तेवढ्यात अकराच्या सुमाराला गल्लीत आरडाओरडा झाला की पाणी आलं. सर घंटी सोडून मोटरीकडं धावले. वरून काका चार पायऱ्या उतरले आणि आम्ही बसलेलो असल्यानं अडकले. दोघंही मोटरीच्या बटणाकडं बघत उभे राहिले. काका आमच्या डोक्यांवरून काकूंना म्हणाले, "वहिनी, मागच्या वेळी खाली भरली होती." सर मला म्हणाले, "चितेगाव, त्यांना सांगा की त्याआधी दोनदा वर भरली होती."

मी सांगायला वर बघितलं. शहागंजच्या मुलीनं माझा हात धरला. ती म्हणाली, "रुक. सर, ये तो दो मुल्क हो गए. पहले इनका करार होऊ द्या, फिर अपनी घटना."

सरांनी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नसल्याचा निर्णय दिला. शेंद्र्याच्या मुलानं मतदान मागितलं. एकोणीस हात वर गेले. मग मी धीर करून म्हणाले, ज्याचा विषयाशी संबंध आहे त्यानं खुर्ची सोडावी असं आपणच शिकवलंय, अध्यक्ष महोदय.  सरांनी घंटी माझ्या हातात दिली आणि सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसले.

आजवर आमच्या समितीत जेवढे हेकट सदस्य झाले त्या सगळ्यांपेक्षा सर हेकट निघाले. "वरचा मजला आणि खालचा मजला" असं लिहिलं तर त्यांना "खालचा" आधी हवा होता. ऐतिहासिक हक्क हा शब्द घाला म्हणाले. काकांना पहिल्या कलमात माफी हवी होती, तीही नावानिशी. माफी हा शब्द करारात बसत नाही, असं सर म्हणाले. पुतण्याच्या साखरपुड्यात बसला असता, असं काका म्हणाले. मी दोनदा घंटी वाजवली. अंगणात नळ वाहत होता, बादल्या भरून झाल्या होत्या, मोटर गप्प होती आणि वीस-पंचवीस मिनिटं निघून गेली होती. शेजारच्या गच्चीवरून एक बाई ओरडून विचारत होती की तुमच्याकडं लाइट गेलीय का.

शेवटी मी सरांचंच तंत्र वापरलं. कुणी केलं ते लिहायचंच नाही. वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "साखरपुड्याच्या दिवशी जे झाले ते होऊ नये होते."

काका म्हणाले, "कुणी केलं ते?"

मी म्हणाले, ती जागा मोकळी आहे.

काका नाही म्हणणार तेवढ्यात सर पायरीवरून उठले. त्यांचा चेहरा अगदी त्रासलेला होता. म्हणाले, "चितेगाव, हे मराठी नाही. होऊ नये होतं काय? व्हायला नको होतं. तसं व्हायला नको होतं, असं म्हणतात."

 काकूंच्या हातातला डाव तसाच राहिला. सरांना आपण काय बोललो ते कळायला थोडा वेळ लागला.

काका आमच्यातून वाट काढत दोन पायऱ्या खाली आले.  म्हणाले, "दादा, परत म्हण."

सर म्हणाले, "मी व्याकरण सांगत होतो."

"व्हय, पण परत म्हण."

सरांनी स्वेटर खाली ओढला, घसा साफ केला आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "तसं व्हायला नको होतं." आणि मग कुणी काही बोलायच्या आत मोटरीचं बटण दाबलं, वरच्या टाकीचा कॉक उघडला आणि रागानं म्हणाले, "आज वर."

दहा मिनिटांत पाणी गेलं. वरची टाकी पावसुद्धा भरली नाही, खाली थेंब नाही. आम्हा एकोणीस जणांच्या चहाला वरच्या काकूंनी आपल्या टाकीतलं पाणी दोन कळशा करून खाली आणलं. एकदा वर, एकदा खाली, एवढंच कलम करारात झालं. दोघांनी सही केली. सरांनी स्वल्पविराम घालून मग केली. आमची घटना त्या गडबडीत वाचायचीच राहिली. चहा पिता पिता हात वर करून ती मंजूर केली, नावाच्या जागी रेघ तशीच ठेवून. मार्क सगळ्यांना वीसपैकी चौदा पडले. अध्यक्षांना खुर्चीवरून उठवल्याबद्दल सहा कापले, असं सरांनी लेखी दिलं.

करारानं शांतता आली असं मुळीच झालं नाही. नऊ वर्षं गप्प असलेले दोघं भाऊ आता रोज भांडायला लागले. त्यांच्या भांडणानं आमची झोप मोडते, असं शेजारच्या गच्चीवरची बाई काकूंना सांगायची. सर मला मेसेज करायचे, दुरुस्ती क्रमांक अमुक, दुसऱ्या पक्षानं मोटरीला कुलूप लावायची सूचना केली आहे, मत कळवा. मी तेव्हा शेंद्र्याच्या एका कंपनीत एच.आर.मध्ये लागले होते. कामगार आणि साहेब यांच्यातले कागद करून दमलेली असायची, तरी मत कळवायची. कधी न कळवलं तर दुसऱ्या दिवशी एकच शब्द यायचा, "गैरहजर."

मागच्या उन्हाळ्यात काका-काकू नाशिकला मुलाकडं राहायला गेले. नातवंडं लहान, दोघं नोकरीला, कुणीतरी हवं होतं. मी ऐकलं आणि एका रविवारी उस्मानपुऱ्यात गेले. सर आता रिटायर झालेले. वरचा मजला बंद होता, दाराला कुलूप. काकूंनी हळू आवाजात सांगितलं की हे दिवसभर कुणाशी भांडत नाहीत, जेवणही कमी झालंय.

मी असतानाच पाणी आलं. सर उठले, मोटर लावली आणि वरच्या टाकीचा कॉक उघडला. मी चुकून झालं असेल असं समजून म्हणाले की सर, वर कुणी नाही, तुमची टाकी रिकामी राहील, आठवडाभर काय कराल?

सर म्हणाले, "आज पाळी त्याची आहे."

मी काकूंकडं बघितलं. त्या म्हणाल्या, असंच चाललंय, ते पाणी मग मागच्या गल्लीतले लोक भरून नेतात आणि आम्ही आमच्यापुरतं तिथूनच बादलीनं खाली आणतो.

टाकी भरली तेव्हा सर गच्चीवर गेले आणि काठोकाठ भरून झाकण लावलेल्या टाकीचा फोटो काढून आले. तो त्यांनी भावाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. आम्ही तिघं पोहे खात बसलो. फोन टेबलावर होता आणि सर त्याच्याकडं बघत नसल्यासारखं दाखवत होते. पाच मिनिटांनी तो वाजला. सरांनी चष्मा लावून वाचलं आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा चांगला लाल झाला.

"बघा," म्हणाले, "नाशकात बसून म्हणतोय, झाकण वाकडं लावलंय, कबुतरं पडतील." त्यांनी बशी बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मलाही उठवलं. "चला. साक्षीदार लागेल."

आम्ही वर गेलो. झाकण खरंच वाकडं होतं.